तक्त्यात आहे, नकाशावर नाही

प्रिय दिग्या,

पत्र आलं म्हणजे काहीतरी झालंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. तब्येत ठीक. शुगर आहे तिथंच आहे, बीपीची गोळी वाढवलीय, हिचा खांदा आता वर जातो. झालं तब्येतीचं.

तर आपली चिमी. परवा रात्री ती चालवत होती ते विमान माझ्या तक्त्यात होतं आणि नकाशावर नव्हतं. हे वाक्य घरात कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं असतं तर तिनं त्याचा एकच अर्थ काढला असता. तू मात्र आधी विचारशील, "उंची येत होती का?" येत होती. म्हणून तुला लिहितोय.

डबी तुला माहीत आहे, विमानांचे रेडिओ निरोप पकडून कॉम्प्युटरवर तक्ता आणि नकाशा मांडायला मदत करणारी. गेल्या खेपेला तू तिला शेपटी फुटलेला पेन ड्राइव्ह म्हणालास आणि हिला हसवून गेलास. लहरीच्या आठ बिटांच्या जाड्याभरड्या नमुन्यांत काय ऐकू येणार, असंही म्हणालास. तो मुद्दा तुझा बरोबर होता, तेव्हा मी मुद्दाम मान्य केला नाही. मूळची ती टीव्ही बघायची वस्तू. आतली रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप टीव्हीचं चित्र उलगडण्यासाठी बनवलेली. २०१२ च्या सुमारास काही उचापती लोकांच्या लक्षात आलं की ही चिप कच्चे नमुनेही यूएसबीतून सोडते. मग काय, ट्यूनर नेशील तिथला पट्टा तुझा. बाकीचा सगळा रेडिओ कॉम्प्युटरच्या पोटात, गणितात. जुन्या रेडिओसारखी स्क्रूड्रायव्हरनं फिरवायला आयएफटी नाही, ट्रिमर नाही. तुझ्या स्क्रूड्रायव्हरनं माझ्या रेडिओच्या ४५५ किलोहर्ट्झच्या जुळणीची जी वाट लावली होती, ती या डबीची लावता येणार नाही. (हो, अजून आठवतं. तीन बँडचा सेट होता आणि चांगला चालला होता.)

आणि विमानाचं बोलणं एवढं ठोकळेबाज आहे की त्याला आठ बिट पुरून उरतात. १०९० मेगाहर्ट्झ. आधी आठ मायक्रोसेकंदांत चार ठोके, म्हणजे ऐका हो ऐका. मागून ११२ बिट, एका बिटाला एक मायक्रोसेकंद. ठोका पहिल्या अर्ध्यात पडला तर एक, दुसऱ्या अर्ध्यात पडला तर शून्य. सेकंदाला वीस लाख नमुने घेतलेस की एका बिटाच्या वाट्याला बरोबर दोन येतात. दोन आकड्यांत मोठा कुठला एवढंच बघायचं. सान्फिलिप्पोनं, तो रेडिस नावाचा डेटाबेस लिहिणारा इटालियन, त्यानं हे निरोप उलगडणारा डंप१०९० प्रोग्राम लिहिला तेव्हा हेच केलं. मी तो कोड वाचला तेव्हा पहिली आठवण तुझी आली, कारण असली कंजूष युक्ती तुला सुचली असती आणि तू ती आठवडाभर सगळ्यांना ऐकवली असतीस. शेवटचे २४ बिट तपासणीचे. ते जुळले नाहीत तर निरोप केरात.

आता मुद्द्याचं. जुन्या पद्धतीत जमिनीवरचं रडार १०३० वर विचारायचं आणि विमान १०९० वर उत्तर द्यायचं. एडीएस-बी नावाच्या या नव्या पद्धतीत कुणी विचारावं लागत नाही. विमान आपलं आपण सेकंदाला दोनेकदा सांगत असतं, मी इथं आहे. हे 'इथं' त्याला कुठून कळतं? जीपीएसकडून. म्हणजे माझ्या नकाशावरचा ठिपका विमान जिथं आहे तिथं नसतो. आपण जिथं आहोत असं विमानाला वाटतं, तिथं असतो. एरवी या दोहोंत काही मीटरांचा फरक, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं. उंची मात्र जीपीएसची नसते. ती बाहेरच्या हवेच्या दाबावरून येते, १०१३ हेक्टोपास्कल धरून, पंचवीस फुटांच्या पायरीनं.

हल्ली बाल्टिककडे, काळ्या समुद्रावर, पूर्व भूमध्याच्या बाजूला जीपीएसचा खेळखंडोबा चालू आहे. कुणी नुसता गोंगाट करून सिग्नल बुडवतं, कुणी खोटे सिग्नल सोडून विमानाला भलतीकडंच असल्याचं पटवतं. नकाशावर अशी विमानं एखाद्या विमानतळावर गोळा झालेली दिसतात, प्रत्यक्षात ती दोनशे किलोमीटर लांब उडत असतात. काही विमानांचे रिसीव्हर तर त्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावरही शुद्धीवर येत नाहीत. पुढचा सगळा प्रवास तसाच. चिमीचा परतीचा मार्ग यांपैकी एका पट्ट्याच्या कडेनं येतो.

तिचं महिन्याचं वेळापत्रक फ्रीजवर असतं. ती आईसाठी पाठवते. त्यात फ्लाइट नंबर असतो, आणि विमान दर पाच सेकंदांनी आपलं आठ अक्षरी नाव सांगतं ते त्याच्याशी जुळतं. एवढंच माझं भांडवल. रात्री जेवणं झाली, मी खोलीत जाऊन बसलो. ती माझ्या टप्प्यात साधारण अडीचशे किलोमीटरवर येते. दहा हजार मीटरवरचं विमान कागदावर चारशे किलोमीटरवरून ऐकू यायला हवं. पण गच्ची, टाक्या आणि माझी अँटेना मिळून दीडशे खातात. (अँटेनाच खाते असं तू म्हणशील. वाचतोय मी तुझं मन.)

ओळ आली. कॉलसाइन तिचाच. उंची ३७,००० फूट. शेवटचा निरोप ०.३ सेकंदांपूर्वी. अंतराचा रकाना कोरा. वेग कोरा. नकाशावर काही नाही.

मी आधी स्क्वॉक, म्हणजे कंट्रोलरनं दिलेला कोड, बघितला. तूही आधी तेच बघितलं असतंस. संकटाचा ७७०० नव्हता, रेडिओ बंद पडल्याचा ७६०० नव्हता, साधा चार आकडी. मग वाटलं, सम आणि विषम निरोपांची जोडी जमली नसेल. अक्षांश-रेखांश दोन तुकड्यांत कोंबलेले असतात आणि पहिल्यांदा दोन्ही तुकडे मिळाल्याशिवाय जागा लागत नाही. थांबलो. आजूबाजूची बाकीची विमानं मजेत सरकत होती. मग कच्चे निरोप उघडले. जागेचा निरोप येत होता रे, वेळच्या वेळी येत होता, पण त्याच्या प्रकाराच्या खान्यात शून्य होतं. शून्य म्हणजे: उंची घ्या, जागा माझ्याजवळ नाही.

ते हरवलेलं मलेशियाचं विमान, एमएच३७०, मनात आलं नाही असं सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. आलंच. पण मी स्वतःला बजावलं की २०१४ साली तिथं हे निरोप सोडणारा ट्रान्सपॉन्डरच गप्प झाला होता. ही बोलत होती, खणखणीत बोलत होती. फक्त कुठं आहे ते सांगत नव्हती.

तेवढ्यात ही दारात. "कुठवर आली?"

"येतेय."

"मग दिसत का नाही?"

"अँटेना हलली असेल वाऱ्यानं."

सगळ्या गोष्टींचं खापर अँटेनावर फोडायची तुझी सवय त्या रात्री कामाला आली. ही उभीच. हिला आता नकाशा वाचता येतो, ही एक नवी पंचाईत. ती म्हणाली, बाकीच्यांना नाही का वारा लागत? मी म्हटलं, जरा पाणी आण.

मग पाऊण तास मी नुसते दोन आकडे बघत होतो. उंची आणि सिग्नलची ताकद. ताकद उणे सत्तावीसवरून उणे वीस, उणे चौदा. म्हणजे जवळ येतेय. कुठल्या बाजूनं ते माझी अँटेना सांगू शकत नाही, तिला चारी दिशा सारख्या. उंची ३७,००० वरून सुटली, ३४,०२५, ३३,४५०, व्यवस्थित, कुणीतरी हातात धरून उतरवल्यासारखी. ९,००० वर थांबली. आणि थांबलीच. नकाशा असता तर लांबट फेरे दिसले असते आणि मी म्हटलं असतं, रांगेत ठेवलंय, गर्दी आहे. नुसत्या आकड्यात फेरा दिसत नाही. ९,०००. ९,०००. ८,९७५. ९,०००. तो पंचवीस फुटांचा झोका बघून माझ्या पोटात काय झालं ते तुला लिहीत नाही, तू ते सगळ्यांना सांगशील.

मग पुन्हा उतरायला लागली. चार हजार, अडीच हजार, १,७५०, आणि ओळ मिटली. त्याखालचं माझ्या डबीला कधीच दिसत नाही, समोरच्या टाक्या आड येतात. रोज ती तिथंच मिटते आणि रोज मी उठून दात घासायला जातो. परवा मी बसून राहिलो. सॉफ्टवेअर मिनिटभर जुने आकडे धरून ठेवतं, मग ओळच काढून टाकतं.

"उतरले" असा तिचा निरोप येतो, तो वेळेवर आला नाही. मी फोन लावला. दुसऱ्यांदा उचलला.

"जीपीएस गेला होता ना?" मी म्हटलं.

तिकडं शांत. मग, "तुला कसं कळलं?"

सांगितलं. तिनं समजावून सांगितलं, वैमानिक समजावतात तसं, हळू आणि थंड. की बाबा, विमानात जडत्वावर चालणारी यंत्रणा असते, ती कुणाचा सिग्नल मागत नाही. जमिनीवर डीएमई नावाची रेडिओ केंद्रं असतात, त्यांच्यावरून अंतर कळतं. उतरताना आयएलएस, धावपट्टीकडं नेणारे रेडिओ सिग्नल. वर कंट्रोलरचं रडार आम्हाला बघतच होतं. त्रास म्हणशील तर घड्याळ बिघडतं, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा उगाच वाजू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नेहमीचं आहे हल्ली. मला हे सगळं माहीत होतं रे, तिच्याइतकं नाही, पण माहीत होतं. त्या पाऊण तासात त्यातलं काही आठवलं नाही, एवढंच.

मग ती म्हणाली, "रोज बघतोस?"

"रोज नाही."

"बरं. गाडी आली. ठेवते."

इथपर्यंत गोष्ट झाली. आता काळजी.

नव्या महिन्याचं वेळापत्रक आलेलं नाही. दर महिन्याला संपायच्या आधी येतं. फोन येतो, आईशी बोलते, माझ्याशी बोलते, खांद्याची चौकशी करते, डबीचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. फ्रीजवर जुना कागद आहे आणि त्यावरच्या तारखा संपल्यात. ही म्हणते, विसरली असेल. ही असं म्हणते तेव्हा माझ्याकडं बघत नाही.

मी स्वतःशी वाद घालत असतो, आणि त्यात दुसऱ्या बाजूनं आवाज तुझाच येतो. मी म्हणतो, हे गुपित थोडंच आहे? निरोपाला कुलूप नाही, किल्ली नाही, सही-शिक्का नाही. मुद्दामच तसं केलंय, आजूबाजूच्या विमानांनीही ऐकावं म्हणून. ज्याच्याजवळ डबी आणि सात सेंटिमीटर तार आहे त्यानं ऐकावं. जगभरातल्या त्या मोठ्या नकाशांच्या साइट चालतात त्याच मुळी आपल्यासारख्यांच्या गच्चीवरच्या डब्यांवर. जे कुणालाही ऐकू येतं ते बापानं ऐकू नये?

मग आठवलं की हा युक्तिवाद माझा नाही. होस्टेलवर तू माझं पत्र वाचलंस, तेव्हा तू हेच म्हणाला होतास. उघडं पडलं होतं, मराठीत होतं, वाचलं. मी तुझ्याशी सहामाहीपर्यंत बोललो नव्हतो, आणि मधल्या मध्ये बिचाऱ्या पक्याला आपले निरोप पोचवावे लागले. आज मी तुझ्या बाजूला येऊन बसलोय, आणि इथं बसल्यावरही मला तू बरोबर होतास असं वाटत नाही. मग मी तरी बरोबर कसा? पण एक फरक आहे, तो तू नीट ऐक. तू पत्र वाचलंस तेव्हा तुला माझी काळजी नव्हती, तुला ती मुलगी कोण ते बघायचं होतं.

हिचं म्हणणं सोपं आहे. काढून टाक ती तार. मी काढली तर काय होईल सांगू? रोज रात्री त्या वेळेला मी घड्याळ बघेन. डबीच्या आधीही बघतच होतो. तेव्हा आकडे नव्हते, आता आकड्यांची सवय झालीय. आणि चालू ठेवली तर आणखी मजा. डबीला वैमानिक दिसत नाही. निरोपात विमानाचा २४ बिटांचा पत्ता असतो, तो यंत्राचा. आत कोण बसलंय याची त्यात नोंद नाही. वेळापत्रकाशिवाय माझ्या तक्त्यातली त्यांच्या कंपनीची प्रत्येक ओळ तिची असू शकते. काल रात्री सगळ्या ओळींची काळजी करत बसलो. एक तर माल वाहून नेणारं निघालं, ती ते चालवतच नाही.

तिला राग आलाय का, ते मला कळत नाही. राग आला की ती बोलते, तुला माहीत आहे, तुझ्या स्कूटरचा आरसा तिनंच तोडला होता. ही गप्प बसण्याची तऱ्हा नवीन आहे. कदाचित तिला एवढंच वाटलं असेल की वर असताना आपल्याला कुणी ओळखीचं बघत नाही, आणि ते तिला आवडत असेल. मला तिच्या वयात आवडलं असतं.

असो. तुझा गुडघा? तारीख मिळाली का? उगाच पुढं ढकलू नकोस, वहिनींना त्रास. मुलाचं घर लागलं असं कळलं, छान झालं. गच्ची आहे का त्याला? विचारतोय ते कारणानं.

कारण असं. जागा न सांगणारं विमानही जमिनीवरून हुडकता येतं. एकच निरोप चार डब्यांना चार वेगळ्या क्षणी पोचतो, आणि त्या फरकांवरून गणितानं ठिपका निघतो. उंची निरोपात आलेली असेल तर तीन डब्याही पुरतात. एका मायक्रोसेकंदाला तीनशे मीटर, म्हणजे घड्याळं जुळलेली हवीत. ती कशी जुळवतात ऐक: ज्या विमानांचा जीपीएस शाबूत आहे ती कुठं आहेत ते सांगतच असतात, मग त्यांचेच निरोप प्रमाण धरून डब्यांची घड्याळं एकमेकांशी लावायची. शहाण्या विमानांच्या खांद्यावरून हरवलेलं शोधायचं. हे वाचून तू खुर्चीतून उठला नसशील तर गुडघा खरंच वाईट आहे.

मी अशा जाळ्यात कधी सामील झालो नाही, कारण तू त्याला फुकटची चाकरी म्हणालास आणि मला ते पटलं होतं. आता पटत नाही. परवा मी जोडलेला असतो, आणि आसपास आणखी दोघं-तिघं असते, तर ९,००० वरचे फेरे मला दिसले असते. आपल्या या बाजूला नकाशावर डब्या फार विरळ आहेत, मी बघितलं. तुझी एक लागली आणि तुझ्या मुलाच्या गच्चीवर एक, की माझी धरून तीन होतात. पक्याला मी विचारलंय, तो "बघू" म्हणाला, म्हणजे तुला पुन्हा विचारावं लागेल.

तुझ्यासाठी वेगळी डबी या पत्राबरोबर पाठवतोय. अँटेना तू कर, तुझ्याशिवाय कुणी करू नये. मधली तार ६९ मिलिमीटर, खाली तेवढ्याच चार, पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या. ६८ की ६९ यावरून पत्र पाठवू नकोस. कोॲक्स केबल लांब घेऊ नकोस, एक गिगाहर्ट्झवर ती सगळं गिळते. डबीच वर अँटेनापाशी ठेव, पावसापासून झाकून. जवळ मोबाइलचा मनोरा असेल तर फिल्टर लागेल, आठ बिटांना तो गोंगाट सोसत नाही. हे तू आधीच म्हणाला होतास, आणि आता मी लेखी मान्य करतोय, कागद जपून ठेव.

आणि एक. चिमी तुला फोन करते, मला माहीत आहे. लहानपणापासून माझ्याविषयीच्या तक्रारी तुझ्याकडंच येतात. वेळापत्रक तिनं तुला पाठवलं असेल तर ते मला दाखवू नकोस, मागितलं तरी देऊ नकोस. पाठवलंय की नाही, एवढं मात्र सांग. आणि तिनं माझ्याविषयी काही विचारलं असेल, तर तू काय उत्तर दिलंस तेही सांग, नाहीतर आमच्या दोघांच्या गोष्टी जुळायच्या नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या

ता. क. डबी गरम होते, हात लावून घाबरू नकोस. तशीच असते ती.